तुम्ही सुखी होतात, हे कशावरून?

अहो, तुम्ही गेलात त्याला महिना व्हायला आला. तेराव्याला आणलेली मोठी भांडी शेजारच्या काळेबाईंकडे परत गेली, पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर चढल्या, तरी माणसं यायची थांबत नाहीत. आपली माणसं आली, गेली, ते ठीक. पण ही कोण? मध्यंतरी भर दुपारी भांडुपचे एक गृहस्थ आले. कोट, टोपी, बगलेत छत्री. तुमच्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले आणि डोळे पुसायला लागले. मी विचारलं, "आपण त्यांच्या जुन्या ऑफिसातले का?" तर म्हणाले, "नाही वहिनी, आमच्या दारात त्यांनी आंबा लावलाय." आणि पुन्हा रुमाल. आता तुम्हीच सांगा, कलमं विकणाऱ्यासाठी असं कोणी रडतं का? मी चहा टाकला, पण सबंध वेळ त्यांच्यावर नजर ठेवून होते. काहीतरी मागायला आले असणार, अशी माझी खात्री. चहा पिऊन, आपल्या मंदाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. काही मागितलं नाही. मी कपबशा विसळत विचार करत बसले, की बाई गं, मागितलं कसं नाही?

तुम्ही असतात तर गालातल्या गालात हसला असतात. "तुझं बारसं फौजदाराने केलं असणार," हे तुमचं ठरलेलं वाक्य. असेन मी संशयी. नाही म्हणत नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून आता सुधारणारही नाही. पण मला एवढं संशयी कोणी केलं, ते आज बोलूच. मध्येच उठून "जरा वाडीत जाऊन येतो" असं तुम्हाला आज म्हणता येणार नाही, तेवढाच काय तो फायदा.

लग्न झालं तेव्हा तुम्ही फोर्टात, त्या शक्तिवर्धक औषधाच्या कंपनीत होतात. डोक्यावर पंखा, शनिवारी अर्धा दिवस, दिवाळीला बोनस. माझ्या वडिलांनी गिरगावात अख्ख्या मजल्याला पेढे वाटले होते. तुम्ही तिथे नेमकं काय करता ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, लिहीत असाल काही हिशेबबिशेब. मग एके दिवशी तुम्ही वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलंत. धुळ्याच्या एका शिक्षकाचं पत्र छापलं होतं. त्यांना म्हणे जिना चढवत नव्हता, औषध घेतल्यापासून मुलांबरोबर हुतूतू खेळतात, ते आणि त्यांचे कुटुंब अत्यंत सुखी आहे. मी म्हटलं, "चला, बरं झालं बिचाऱ्याचं." तुम्ही इतके हसलात, की पाळण्यातली मंदा दचकून उठली. शिक्षक नव्हताच. जिना नव्हता. धुळं तर तुम्ही जन्मात बघितलं नव्हतंत.

ते तुमचं काम होतं. बरी झालेली माणसं तयार करायची. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा मजा वाटली. मग आपला खेळच झाला. रविवारी पेपर आला की मी जाहिरातीतली पत्रं वाचून ओळखायची, यातलं तुमचं कुठलं आणि तुमच्या ऑफिसातल्या पाध्यांचं कुठलं. पाध्यांची माणसं नुसतीच बरी व्हायची. तुमची माणसं बरी होऊन वर सुखी व्हायची. शेवटचं वाक्य ठरलेलं. मी लगेच बोट ठेवायची, आणि तुम्ही म्हणायचात, "हुशार आहेस!" फक्त एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. त्या औषधाची एकही बाटली तुम्ही कधी घरात आणली नाहीत. कंपनीत फुकट मिळायची म्हणे, तरी नाही.

आणि मग मंदाच्या पाठीवरचं आपलं बाळ राहिलं नाही.

त्यावर आपण दोघं कधीच धड बोललो नाही, आणि आता काय बोलणार. पण तेव्हा मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, ती सुद्धा तोंड भिंतीकडे करून. की उशीवर कान टेकला की आतून उखळात कांडल्यासारखा आवाज येतो, आणि मला वाटतं ते कोणी दुसरंच आहे. आईला नाही सांगितलं, डॉक्टरला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. माझा जीव त्या हातावर तरला होता हो.

दोन-तीन महिन्यांनी काळेबाई पेपर घेऊन धावत आल्या. "अगं, ही आपल्या मुलुंडची कोण बाई? आपल्या ओळखीची असेल!" सौ. क., मुलुंड. मूल गेलं, अन्न जाईना, उशीवर कान टेकला की उखळात कांडल्यासारखा आवाज. उखळसुद्धा सोडलं नव्हतंत. आणि शेवटी, औषधाच्या चौथ्या बाटलीनंतर, "आता मी घरातील सर्व कामे हसतमुखाने करते. मी पूर्ण सुखी आहे." काळेबाई वाचत होत्या आणि मी तांदूळ निवडत होते. त्यांना काही कळलं नाही. मी म्हटलं, "असेल कोणीतरी."

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी ताटात भाताच्या जागी तो पेपर वाढला. तुम्ही बघितलंत. खूप वेळ बघितलंत. मी वाट बघत होते, की आता म्हणाल, चुकून झालं, पाध्यांनी लिहिलं, साहेबांनी लिहायला लावलं. तुम्ही पेपराची घडी केलीत, उठून चूळ भरलीत आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मला वाटलं, लाज वाटली असेल. दुसऱ्या मनाला वाटलं, कसली लाज, उद्याचं पत्र सुचत असेल.

महिना भरायच्या आत तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "नोकरी सोडली."

मी विचारलं, "सोडली, की काढलं?"

"सोडली."

"कशावरून?"

हे आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, मला आता खोटं लिहून जगायचं नाही. मी म्हणायची, छान, पण हे सांगतंय कोण? धुळ्याचा मास्तर तयार करणारा माणूस! तुमचे शब्द मी वर्षानुवर्षं छापलेले वाचलेत. तुम्ही एखाद्या आजाऱ्याला दोन वाक्यांत डोंगर चढायला लावता, मग बायकोला गुंडाळायला कितीसा वेळ लागणार? वडिलांचं तोंड किती उतरलं होतं आठवतं? आईने तर सरळ विचारलं, "जावईबापूंनी काही भानगड केली का गं?" मी म्हटलं, "देव जाणे." खरंच मला माहीत नव्हतं.

मग ती डोंगराच्या पायथ्याची वाडी आली. कोणा म्हाताऱ्या पारशिणीची, पडीक, हापूसची दोन मोठी झाडं आणि बाकी सगळी झुडपं. तुम्ही ती कराराने घेतलीत आणि लहानपणी मामाकडे मालवणला शिकलेला उद्योग सुरू केलात. हापूसच्या भोवती बांबूचा माच बांधलात, त्यावर रायवळाच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, रोपांच्या कुंड्या चढवल्यात, आणि हापूसची फांदी नि रायवळाचं रोप एकमेकांना लावून केळीच्या सोपटाने बांधायला लागलात. फोर्टातला टायवाला माणूस गुडघ्यापर्यंत धोतर खोचून माचावर! चाळीतल्या पोरी बघायला यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाटी लावायची वेळ आली तेव्हाचं तर मी कोणालाच सांगितलेलं नाही. पाटीवर तुम्ही नुसतं लिहिलंत, "आंब्याची कलमं." मी म्हटलं, "अहो, निदान 'उत्तम' तरी लिहा. 'खात्रीची' लिहा. एवढे शब्द येतात ना तुम्हाला?"

"उत्तम आहेत की नाही ते पाच वर्षांनी कळेल. मग लोकच सांगतील."

"तोवर आम्ही काय खायचं? पाटी?"

तुम्ही मोठ्याने हसलात आणि मालवणीत काहीतरी बोललात. हे आणखी एक. नोकरीत असताना तुमच्या तोंडून मालवणी कधी ऐकली नव्हती. वाडी घेतल्यापासून उठता-बसता "गो" आणि "खंय" सुरू झालं. मला त्याचाही संशय. म्हटलं, हा माणूस आनंदाचं सोंग तर करत नाही? पैसा कमी झाला, गहू जाऊन ज्वारी आली, मंदाच्या परकराला ठिगळ लागलं, आणि हे महाशय वाडीतून शीळ घालत येतात! "मला बरं वाटतं गं या कामात," तुम्ही म्हणायचात. "जे करतो ते आणि जे बोलतो ते आता एकच आहे. सुखी आहे मी." झालं! हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, याच वाक्याने तुम्ही माझं दुःख बाटलीत भरून विकलं होतं ना? मग त्याच वाक्यावर मी विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून मी तुमच्यावर पाळत ठेवली. पहिल्यांदा वाटलं, दारू. दारूबंदी नावाला, डोंगरात काय काय गाळतात ते सगळ्या मुलुंडला ठाऊक. तुम्ही आलात की मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने जवळ येऊन वास घ्यायची. मातीचा वास यायचा. मग वाटलं, कोणी बुवा भेटला असेल. तुमच्या पिशव्या तपासल्या, अंगारा मिळाला नाही. रोज जेवताना मी तुमची उलटतपासणी घ्यायची. आज काय केलंत? कुठलं कलम जमलं? जमलं हे कशावरून कळलं? काल तर तुम्ही म्हणालात सांधा भरायला दोन-अडीच महिने लागतात, मग हे आजच कसं उतरवलं? तुम्ही बिचारे घास हातात धरून सगळं सांगायचात. तुम्हाला वाटायचं, हिला गोडी लागली. गोडी डोंबलाची! मी खोटं पकडायला बसले होते. कुठेतरी दोन वाक्यं जुळणार नाहीत, मग बघते, असं चाललं होतं. जुळायची मेली. दरवेळी जुळायची.

आणि मग ते रविवार आले. चांगला धुतलेला सदरा घालून, चाकू खिशात टाकून, सकाळीच बाहेर. कुठे? तर "फुटवे खुडायला". म्हणे कलमाच्या सांध्याखालून त्या रायवळाला फुटवा येतो. तो खुडला नाही तर तोच जोर धरतो, वरचं हापूस सुकून जातं, आणि मालक खालच्याच फुटव्याला पाणी घालत बसतो. झाड काय झकास वाढलं म्हणून शेजाऱ्यांना दाखवतो. आपला आंबा कधीच मेलाय याचा पत्ता त्याला पाच वर्षांनी, आंबट फळ हातात आल्यावर लागतो. म्हणून विकलेली कलमं तुम्ही घरोघर जाऊन बघायचात. भांडुप, घाटकोपर, कुठे कुठे. मी काळेबाईंना हे सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "विकलेल्या मालामागे कोण जातं गं? तू पण भोळीच." मला कोणी भोळी म्हटलेलं तेवढं एकदाच.

त्यात घाटकोपरच्या मिस चित्र्यांचं नाव फार यायला लागलं. शाळेत मुख्याध्यापिका, लग्न नाही केलेलं, स्वतःचं बैठं घर, पुढे बाग. म्हटलं, सापडलं! पुढच्या रविवारी तुमच्या मागच्या गाडीने निघाले. उन्हात, पायात साध्या चपला, डोक्यावर पदर. घर शोधून काढलं आणि कुंपणाबाहेर मेंदीच्या आडोशाला उभी राहिले.

काय दिसलं सांगू? मिस चित्रे व्हरांड्यात खुर्चीवर बसून मुलींच्या वह्या तपासत होत्या. त्यांचं तुमच्याकडे लक्षही नव्हतं. आणि तुम्ही त्या एवढ्याशा झाडापुढे उकिडवे बसला होतात. सांधा चाचपून बघत होतात, लहान मुलाचा गुडघा बघतात ना कुठे लागलंय का, तसे. मग खालचा एक तांबूस फुटवा दोन बोटांत धरून खुडलात, टाकलात, आणि एकटेच हसलात. कोणाला दाखवायला नाही. कोणी बघतच नव्हतं. मी बघत होते ते तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला वाटलं.

बाई असती ना, तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं, चार लोकांनी मला बिचारी म्हटलं असतं. झाडाशी कसं भांडायचं? मी तशीच घरी आले, भात टाकला. तुम्ही आलात, हात-पाय धुतलेत, पाटावर बसलात आणि आमटी ओरपत म्हणालात, "घाटकोपरला आज ऊन फार होतं. छत्री न्यावी माणसाने." मी ताट तुमच्यापुढे आदळलं. मंदाला काही कळेना, बाबा का हसतायत आणि आई का लाल झालीय. त्यावर तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. तेवढं तुमचं मोठेपण मी मानते.

एकदाच विचारलंत, गेल्या पावसाळ्यात. कुंड्यांत माती भरत होतात, मी डबा घेऊन आले होते. वर न बघता म्हणालात, "तुला कधी पटेल गं?" मी म्हटलं, "बघू." बस्स. एवढंच बोलणं झालं. तेव्हा मला वाटलं, बघायला आपल्याकडे खूप दिवस आहेत.

मागच्या आठवड्यात पाध्ये आले. हो, तेच, नुसती बरी होणारी माणसं लिहिणारे. अजून त्याच खुर्चीत आहेत. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, "नोकरी सोडल्यावर मला एकदा भेटले होते, वहिनी. काय तेज होतं चेहऱ्यावर!" तेज! हा शब्द बाटलीच्या लेबलावरचा आहे हे मला काय माहीत नाही? मी त्यांना तिथेच धरलं. म्हटलं, "पाध्ये, ते तेज राहू दे. मला एक सांगा, यांना काढलं होतं की नाही?"

"काढलं? छे हो. साहेब तर पगार वाढवून द्यायला निघाले होते. त्या मुलुंडच्या पत्राने खप वाढला होता ना. म्हणाले, अशीच आणखी लिहा. हे म्हणाले, आता लिहिणं होणार नाही."

"हे तुम्ही कशावरून सांगता?"

"मी तिथेच उभा होतो."

"तुम्ही तर पोटासाठी हेच लिहिता. मी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

पाध्यांचा चेहरा पडला. कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, त्यांनी सोडली आणि मी नाही सोडली. साहेबांनी ती पगारवाढ मग मला दिली. हे खोटं मी कशाला रचेन? यात शोभा माझीच होते." 

हे मात्र मला पटलं. स्वतःला काळं फासून कोणी खोटं बोलत नाही. तर ठीक आहे, तुम्ही सोडली होतीत. काढलं नव्हतं. इतकी वर्षं भरल्या ताटावर मी तुम्हाला छळलं, आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की पाध्यांना विचार. का नाही म्हणालात? पगारवाढीचं तरी सांगायचं! की ती माझ्या उखळाची किंमत होती म्हणून तोंडातून निघेना? मला तुमचा राग येतो आणि त्याच वेळी तुमच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. आता दोन्ही जमत नाही.

पण सोडणं वेगळं आणि सुखी असणं वेगळं. तुम्ही लाजेने सोडली असेल आणि मग जन्मभर "सुखी आहे, सुखी आहे" असं स्वतःलाच ऐकवत बसला असाल, तर? या तर-मुळे मला झोप नव्हती. कारण तसं असेल तर तो पेपर ताटात वाढून मी एका माणसाचं आयुष्य मातीत घातलं, असा त्याचा अर्थ. फोटोला विचारून काय उपयोग. फोटोत तुम्ही हसताय, पण फोटोग्राफरने हसा म्हटलं होतं.

अशात अंधेरीचे नर्सरीवाले दळवी आले. गोड माणूस, फार गोड. "वहिनी, तुम्ही बाईमाणूस, वाडी कुठे सांभाळणार? आहे तो सगळा माल मी उचलतो. सरसकट. एकही कुंडी मागे ठेवत नाही." जी रक्कम सांगितली ती ऐकून मला हायसं वाटलं. मंदाची मॅट्रिक होईपर्यंत डोक्याला ताप नव्हता. मी म्हटलं, उद्या वाडीत या.

दुसऱ्या दिवशी मंदाला घेऊन मी आधीच जाऊन बसले. तुम्ही गेल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. कोण पाणी घालत होतं देव जाणे, पण कुंड्या ओल्या होत्या. आणि एक-एक कुंडी बघताना मला काय समजलं ठाऊक आहे? मला कळत होतं. हे जमलंय. याचा सांधा भरलाय पण सोपट काचतंय, सोडायला हवं. हे गेलं, वरचं हापूस काळं पडलंय आणि खालून रायवळ फुटून माजलाय. हे सगळं मला कधी आलं? मी तर तुमचं खोटं पकडायला बसत होते ना! मंदा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. "आई, तू बाबांसारखी बोलतेस," म्हणाली. मी म्हटलं, "गप बस."

दळवी आले. मी त्यांना मेलेली कलमं वेगळी काढून दाखवली. शेवटच्या दिवसांत तुमचा हात फिरला नव्हता, त्यामुळे बरीच होती. ते हसले. "अहो वहिनी, कशाला वेगळी काढता? हिरवीगार तर आहेत."

"रायवळ आहे तो. वर हापूस राहिलं नाही."

"गिऱ्हाइकाला कुठे कळतं? फळ यायला पाच वर्षं. तोवर कोण कुठे, मी कुठे. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की सगळी त्यांच्या हातची आहेत. त्यांच्या नावावर लोक डोळे मिटून घेतात."

मी लगेच नाही म्हटलं नाही. मंदाच्या पायातल्या झिजलेल्या चपला मला दिसत होत्या. मी फक्त मान हलवायची होती. तुम्हाला कळलंही नसतं. पण माझा स्वभाव आड आला हो. मी त्या माणसाकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, हा पाच वर्षांनी सापडायचा नाही, पण लोक नाव तुमचं घेणार. भांडुपचे ते टोपीवाले गृहस्थ रुमाल घेऊन आले होते, पुढचे शिव्या घेऊन येतील, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी काहीही घालायचं? माझ्या तोंडी एकदा घातलेलं मला कसं लागलं होतं?

"चाकू आण गं," मी मंदाला म्हटलं. तुमचा, खोपीत खोचलेला. आणि दळव्यांच्या देखत एकेका मेलेल्या कलमाला बुडातून कापायला बसले. ते "अहो, अहो" करत राहिले, मग चपला सरकवत निघून गेले. रक्कमही गेली. ते गेल्यावरही मी थांबले नाही. जी जगली होती त्यांच्याकडे वळले. सांध्याखाली बारीक फुटवे आले होते. एक खुडला. दुसरा खुडला. पान ओलं, देठ कोवळा, टच्चकन निघतो. तिसऱ्या-चौथ्या कुंडीला माझ्या लक्षात आलं, की माझं कपाळ मोकळं झालंय. तुम्ही गेल्यापासून तिथे जी आठी बसली होती ती नाहीये. आणि मी हसतेय. मंदा मागे पाणी घालत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी कोणासाठीही हसत नव्हते.

तेव्हा मी चाकू खाली ठेवला आणि मातीत बसून रडले. पोटभर रडले, तेराव्यालाही अशी रडले नव्हते. तुम्ही खरं बोलत होतात! अहो, तुम्ही सगळा वेळ खरं बोलत होतात. सुखी होतात. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझ्या हातची आमटी ओरपत एक सुखी माणूस बसत होता आणि मी त्याचा पुरावा मागत होते. तुमची माफी मी मागणार नाही. ज्याने धुळ्याचा मास्तर लिहिला त्याच्या बायकोने पुरावा मागितलाच पाहिजे. पण तुमचं सुख मला तुमच्याबरोबर बघायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

वाडी मी ठेवलीय. पारशीणबाई करार माझ्या नावाने करायला तयार झाल्या. आईला पसंत नाही, काळेबाईंना तर मुळीच नाही. म्हणतात, दोन महिन्यांत थकेल. थकेनही. कुंडी उचलताना कंबर धरते, आणि तुमच्या माचावर चढायचं म्हणजे मला अजून घाम फुटतो. रविवारी घाटकोपरला जाऊन आले. मिस चित्र्यांनी वह्यांतून डोकं वर केलं, चष्म्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "या. ते म्हणायचे तुम्हाला सगळं येतं." कधी म्हणाला होतात? मला कधी सांगितलं नाहीत.

आज सकाळी विक्रोळीहून एक जोडपं आलं होतं. तो तिथल्या कारखान्यात नव्याने लागलेला, ती पोटुशी, सातवा असेल. त्याच्या बापाने घरापुढे जागा सोडलीय, तिथे लावायचाय म्हणाले. मी चांगलं ठसठशीत कलम काढून दिलं, सांधा दाखवला, खालचा फुटवा कसा ओळखायचा ते शिकवलं. ती मुलगी मन लावून ऐकत होती. मग तिने विचारलं, "फळ कधी धरेल हो?"

"पाच वर्षं लागतील."

"तेव्हा तुम्ही याल ना बघायला?"

"येईन," मी म्हटलं.

ती गेली, आणि मी तिथेच उभी राहिले. अहो, तुम्ही गेल्यापासून मी उद्या भाजी कसली करायची एवढंसुद्धा ठरवलेलं नाही. आणि त्या पोरीला पाच वर्षांचा शब्द देऊन बसले. आता तेवढं तरी मला जगायलाच हवं.